रन : इंग्रजी धावतं तिथे मराठी चालतं?

कानामात्रा

इंग्रजीत सर्वात जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, असं विचारलं की जाणकार मंडळी पटकन 'सेट' म्हणतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली. तिच्यात 'सेट'चे ४३०च्या आसपास अर्थ होते आणि प्रश्नमंजूषावाल्यांनी तो आकडा कायमचा पाठ करून टाकला. पण २०११ मध्ये त्याच कोशाने 'रन'ची नोंद नव्याने केली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दावर नऊ महिने बसले होते म्हणे. आणि हे नुसतं क्रियापद बरं का. क्रिकेटमधली धाव हे नाम, ते यात धरलेलंच नाही.

आकडा ऐकून छाती दडपते, पण धागा त्यासाठी काढलेला नाही. 'रन'ची वाक्यं मराठीत आणायला बसलं की 'धावणे' हे क्रियापद क्वचितच हाताला लागतं. यंत्र, घड्याळ, दुकान, संस्था, सरकार, नाटक, वर्ग, खटला, ही सगळी इंग्रजीत 'रन' होतात आणि मराठीत चालतात. इंग्रजी ज्याला पळवते त्याला आपण निवांत चालवतो. फ्रेंच या बाबतीत आपल्या पंगतीला. त्यांचं 'मार्शे' म्हणजे पायी चालणं. यंत्र सुरू असेल तर 'सा मार्श' आणि बेत पसंत असेल तरी 'सा मार्श', म्हणजे सरळसरळ आपलं 'चालतंय की'.

दुसरा मोठा गठ्ठा पातळ पदार्थांचा. नाक, नळ, डोळ्यातलं काजळ, कपड्याचा रंग, कागदावरची शाई, इंग्रजीत सगळ्यांना एकच 'रन'. मराठीत नाक गळतं, नळ वाहतो, काजळ पसरतं, रंग जातो आणि शाई फुटते. पाचांना पाच क्रियापदं! इथे मराठी जास्त काटेकोर आहे असं माझं ठाम मत.

माझा अंदाज असा, की ६४५चा हा सगळा पसारा चारच घरांतून निघालेला असावा: पायांनी पळणं, द्रवाचं वाहणं, यंत्राचं सुरू राहणं आणि एकामागोमाग एक येणाऱ्या गोष्टींची रांग. या चार घरांत न बसणारा 'रन' कुणाला सापडतो का बघा. सापडला तर आनंदच आहे.

निवांतपणे

रुमाल टाकून ठेवतो. रात्री वाचतो.

जुळारी

विषय झकास. मात्र 'रनने सेटला हरवलं' ही बातमी जरा चाळणीतून काढायला हवी.

ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीचं काम 'ए'पासून सुरू झालंच नाही. पहिल्या आवृत्तीतली सुरुवातीची अक्षरं थोडी ओबडधोबड होती, पुढे संपादकांचा हात बसत गेला. म्हणून दुरुस्तीला 'एम'पासून हात घातला आणि २००० पासून सुधारलेल्या नोंदी ऑनलाइन यायला लागल्या. आता क्रम बघा. २००० मध्ये 'मेक'ने सेटला मागे टाकलं, २००७ मध्ये 'पुट'ने, २०११ मध्ये 'रन'ने. एम, पी, आर. वर्णमालेच्या ओळीत ज्याचा नंबर लागला तो विजेता! 'एस'मधल्या बिचाऱ्या सेटला तोवर कुणी हातही लावला नव्हता. १९८९ची आवृत्ती म्हणजे मुख्यतः १९२८ मध्ये पुरी झालेली पहिली आवृत्ती आणि नंतरच्या पुरवण्या यांची सांधणी. एकाची मोजणी नव्या पट्टीने आणि दुसऱ्याची आजोबांच्या पट्टीने, मग शर्यत कसली डोंबलाची?

कानामात्रा

एम, पी, आर! हे भारी आहे, जुळारी. प्रश्नमंजूषावाल्यांना कळवा कुणीतरी.

पाणिनीचा शेजारी

शर्यत लावायचीच तर आधी 'एक अर्थ' म्हणजे काय ते ठरवा. कोशकारांत दोन जाती असतात, गोळा करणारे आणि फोडणारे. गोळा करणारा म्हणेल की 'बस धावते' आणि 'बस दर तासाला आहे' हा एकच अर्थ. फोडणारा दोन नोंदी करेल. दोघंही बरोबर. त्यामुळे ६४५ हा आकडा जितका 'रन'चा आहे तितकाच कोशाच्या धोरणाचाही आहे.

सेटचं प्रकरण आणखी वेगळं. 'ठेवणे' या अर्थाचं क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या 'सेट्टान'वरून आलं. 'संच' या अर्थाचं नाम मात्र जुन्या फ्रेंचमार्गे, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'सेक्टा' म्हणजे पंथ. म्हणजे एकाच कपड्यात दोन माणसं फिरतायत. 'रन' तसा नाही, तो एकाच कुळातला. जुन्या इंग्रजीत 'रिन्नान' होतं, त्यात वाहणं आणि पळणं दोन्ही होतं. जर्मनने पुढे वाटणी करून टाकली: 'रिनेन' म्हणजे पाणी ओघळणं, 'रेनेन' म्हणजे माणसाने पळणं. इंग्रजीत मात्र एकत्र कुटुंब टिकलं.

दोन अर्थ खरंच वेगळे आहेत का, हे तपासायची एक सोपी युक्ती सांगतो. दोन्ही वस्तू एकाच क्रियापदाला जुंपा. 'तिने टबात पाणी आणि एक कंपनी रन केली' असं इंग्रजीत म्हटलं तर ऐकणारा हसतो. हसू आलं की समजावं, अर्थ दोन आहेत. मराठीत करून बघा: 'त्याला भूक आणि नोकरी लागली.'

गोगलगाय

आता धाग्यावर 'लागणे'वाले येणार. मोजायला सुरुवात करा.

स्टेथो

आमच्याकडे 'रन'ची नुसती रेलचेल. रुग्ण 'टेम्परेचर रन' करतो, आम्ही त्याच्या 'टेस्ट रन' करतो, सलाइन अमुक वेगाने 'रन' होतं आणि जुलाब झाले असतील तर तो स्वतःच 'द रन्स' म्हणतो. यातलं शेवटचं द्रवाच्या घरातलं की पायांच्या, ते ज्याचं त्याने ठरवावं. (दिवे घ्या.)

चौथ्या घराचं एक चांगलं उदाहरण ईसीजीत मिळतं. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून एकापाठोपाठ एक जलद ठोके पडले की त्याला 'रन ऑफ व्हीटी' म्हणतात. असे सलग तीन किंवा जास्त ठोके हवेत, सुटा एखादा ठोका म्हणजे रन नव्हे. कागदावर बघितलं तर नेहमीच्या बारीक टोकांच्या ओळीत मध्येच रुंद, मोठ्या लाटा दिसतात, चार-पाच-सहा, आणि परत पहिल्यासारखं सुरू. तीस सेकंदांच्या आत आपोआप थांबला तर एक नाव, त्यापुढे टिकला तर दुसरं, आणि मग धावपळ आमची. राउंडला सिस्टर सांगतात, 'रात्री सहाचा रन होता.' या 'रन'ला मराठी शब्द आम्ही कधी शोधलाच नाही.

उलटापालटा

सिस्टरांच्या वाक्याला 'सहाची सर' म्हणता येईल का? ठोक्यांची सर. की 'माळ'?

स्टेथो

'सर' आवडलं. पण पावसाशी गल्लत नको, वॉर्डात लोक छत्र्या शोधतील.

पानोपानी

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत करते, त्यामुळे या शब्दाशी माझं रोजचं भांडण. एका पाण्याच्या पंपाची पुस्तिका होती. पान चारवर 'रन ड्राय' करू नका असा लाल चौकटीतला इशारा. पान नऊवर जोडणी झाल्यावर 'ड्राय रन' घ्या. शब्द तेच दोन, क्रम उलटा. पहिल्याचा अर्थ पंप पाण्याशिवाय चालवू नका, कारण आतलं सील त्या पाण्यानेच थंड आणि ओलं राहतं, कोरडं चाललं की थोड्या वेळात जळतं. दुसऱ्याचा अर्थ रंगीत तालीम: प्रत्यक्ष पंप सुरू न करता झडपा, वायरिंग, बटणं ओळीने तपासा. आता दुसऱ्या ठिकाणी कुणी 'कोरडे चालवून पाहा' असं लिहिलं तर? वाचणारा माणूस इमानदारीने तसंच करणार आणि सील जाळून मोकळा होणार.

मी पहिल्याला 'पाण्याशिवाय चालवू नका' आणि दुसऱ्याला 'पंप बंद ठेवून तपासणी' असं केलं. तपासणाऱ्याने शेरा मारला की मूळ शब्दाशी एकवाक्यता नाही. नसणारच, असती तर पंप गेला असता!

बायनरी बंड्या

सॉफ्टवेअरवाल्यांचा 'ड्राय रन' पानोपानीताईंच्या दुसऱ्या अर्थाचा. फाइली इकडून तिकडे नेणाऱ्या आज्ञेला 'ड्राय रन' जोडलं की ती काय काय नेईल आणि काय पुसेल ते सांगते, प्रत्यक्षात बोटही लावत नाही. बाकी आम्ही प्रोग्रॅम 'रन करतो' आणि तो 'चालतो'. 'रन केला, पण चालला नाही' हे वाक्य आमच्या खोलीत दिवसातून कैक वेळा ऐकू येतं. ते मराठीत निर्दोष आहे, इंग्रजीत करून दाखवा!

धावचीत

कुणी क्रिकेटकडे येईना म्हणून मीच येतो.

रन म्हणजे दोन फलंदाजांनी जागा बदलणं, इथवर ठीक. पण चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागेवर बॅटवर रेलून उभा असतो आणि खात्यात चार 'रन' जमा. वाइड पडला, कुणीही हललं नाही, तरी एक रन. म्हणजे शब्दातून पाय कधीच गळून पडलेत, उरलाय फक्त हिशेब. हे चार घरांपैकी कुठल्या घरात बसवणार, कानामात्रा?

आणखी एक गंमत. जखमी फलंदाजासाठी पळणारा 'रनर' आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून १ ऑक्टोबर २०११ पासून बंद झाला. कोशात 'रन' पहिला आला त्याच वर्षी मैदानावर रनरला घरी पाठवलं.

कानामात्रा

पायांच्याच घरात, मुलगा परदेशी गेला म्हणून आडनाव बदलत नाही.

एकपाठी

मूळ सिद्धान्ताला माझा विरोध नोंदवून घ्या. मराठी चालते हे खरं, पण धावत नाही असं कुणी सांगितलं? धावपट्टी, धावचीत, धावसंख्या, धावतं समालोचन, धावती भेट, शिवणकामातला धावदोरा. पावसाचं जे पाणी जमिनीत न मुरता वाहून जातं त्याला मृदसंधारणाच्या पुस्तकांत 'अपधाव' म्हणतात. आणि वर्तमानपत्रं उघडा, मेट्रो 'धावणार' असते, कधीच 'चालणार' नसते.

जुळारी

अर्धी यादी इंग्रजीवरून बेतलेली आहे. धावपट्टी म्हणजे रनवे, धावचीत म्हणजे रनआउट. अपधाव तर शब्दाला शब्द.

एकपाठी

बरं, बेतलेली बाजूला ठेवा. बैलगाडीच्या चाकाला जो लोखंडी पट्टा चढवतात त्याला 'धाव' म्हणतात, हे कुठल्या इंग्रजीवरून आलं? लोहार ती धाव तापवून लाल करतो, प्रसरण पावली की लाकडी चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. आकसली की अशी आवळते की आरे कुरकुरतात. विहिरीवर मोट ओढणारे बैल ज्या उतारावरून खालीवर करायचे तीही 'धाव'च. इंग्रजीत कोंबड्यांच्या जाळीबंद आवाराला 'रन' म्हणतात आणि बर्फावरून घसरत जायच्या वाटेलाही 'रन'. जनावर जिथे फिरतं ती जागा, ही कल्पना दोन्ही भाषांना आपापली सुचलेली आहे.

पाणिनीचा शेजारी

एकपाठी, टोपी काढली.

यात एक भर. लॅटिन 'कुर्रेरे' म्हणजे पळणे. त्यापासून करन्सी, करंट, कोर्स, कर्सर, कॉरिडॉर अशी वरात निघाली. आता मराठी बघा. करन्सीला चलन, करंट अफेअर्सला चालू घडामोडी. त्यांचा पैसा पळतो, आपला चालतो. (प्रत्यक्षात कुणाचा जास्त पळतो यावर वेगळा धागा काढा.) तेव्हा नामांच्या बाबतीत एकपाठी जिंकले, क्रियापदांच्या बाबतीत कानामात्रांचा मुद्दा शाबूत आहे असं माझं मत.

मतदारराजा

निवडणुकीचं राहिलं. अमेरिकेतला उमेदवार अध्यक्षपदासाठी 'रन' करतो. ब्रिटनमधला पार्लमेंटसाठी 'स्टँड' करतो. आपला उमेदवार निवडणुकीला 'उभा राहतो', म्हणजे ब्रिटिश बाजूने. पायमोज्याची वीण सुटून उभी रेघ गेली की अमेरिकन त्याला 'रन' म्हणतात, ब्रिटिश 'लॅडर'. समुद्राच्या त्या बाजूला पळायची हौस जास्त दिसते.

ठेवीदार

'रन ऑन द बँक'. यात आधी खरोखर पाय होते. २००७च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांशी ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. २०२३च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेचा रन झाला तेव्हा बहुतेक लोक खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. फोनवरूनच एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढायची मागणी आली आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद.

डायमंड आणि डिबविग यांनी १९८३ मध्ये याचं गणित मांडलं, त्याबद्दल २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, सोबत बर्नान्के होते. मुद्दा साधा आहे. बँक धडधाकट असली तरी 'बाकीचे पैसे काढणार' असं प्रत्येकाला वाटलं की आपणही काढणं शहाणपणाचं ठरतं, आणि सगळे शहाणे झाले की बँक बुडते. मराठीत 'झुंबड' म्हणतात. त्यात गर्दी येते, पण 'दुसऱ्याच्या आधी पोहोचायचंय' ही धास्ती येत नाही. चांगला शब्द सुचवा कुणीतरी.

उलटापालटा

'पळापळ'? ठेवींची पळापळ.

ठेवीदार

चालेल.

बायनरी बंड्या

बघा, 'धावेल' नाही म्हणाले.

नाणेफेक

चौथं घर फारच घाईने उरकलंय, ते माझ्या धंद्याचं आहे.

संख्याशास्त्रात रन म्हणजे सलग एकसारखे निकाल. छापा-छापा-काटा-काटा-काटा, यात दोन रन आहेत. वाल्ड आणि वोल्फोविट्झ यांची १९४० ची 'रन्स टेस्ट' एवढंच मोजते: दिलेल्या ओळीत किती रन आहेत, आणि खरंच योगायोग असता तर किती अपेक्षित होते. कुणालाही मनाने वीस नाणेफेकींचे निकाल लिहायला सांगा. तो तिसऱ्या छाप्यानंतर हमखास काटा लिहितो, कारण सलग चार त्याला 'बनावट' वाटतात. प्रत्यक्षात वीस फेकींत कुठेतरी सलग चार किंवा जास्त एकसारखे येण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के आहे. म्हणून खोटी यादी ओळखता येते ती लांब रन नसण्यावरून. पत्त्यांतला रमीचा रन वेगळा, तिथे आकडे चढत जातात. त्याला आपण सरळ 'सिक्वेन्स' म्हणतो.

सूरपारंबी

गाण्यातला 'रन' म्हणजे तान. चौथ्या घरात टाका.

काळा कोट

कोर्टातलं एकच सांगतो. दोन गुन्ह्यांना तीन आणि पाच वर्षं शिक्षा झाली आणि त्या 'रन कंकरंटली' म्हटलं, की दोन्ही एकाच वेळी सुरू, एकूण पाच. 'कॉन्सेक्युटिव्हली' म्हटलं की एकामागून एक, आठ. पक्षकाराला इंग्रजी येवो न येवो, या दोन शब्दांतला फरक तो लगेच शिकतो. आणि 'कंकरंट'च्या पोटातही तेच 'कुर्रेरे' बसलंय, म्हणजे 'एकत्र पळत पळत पळतात'.

लागलीच

इंग्रजीचं कौतुक पुरे. आपलं 'लागणे' घ्या. तहान लागते, ठेच लागते, झोप लागते, नंबर लागतो, निकाल लागतो, वेळ लागतो, नाद लागतो, वाट लागते, बोलायला लागतो, नात्याने मामा लागतो...

गोगलगाय

आले. मी वाटच बघत होते.

कानामात्रा

लागलीच, वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

परीक्षार्थी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, वाचनखूण साठवली. पण माझी अडचण ६४५ अर्थांची नाहीच. मला 'रन अप', 'रन डाउन', 'रन आउट', 'रन ओव्हर' यांनी छळलंय. प्रत्येकाचे परत चार-पाच अर्थ. पाठ कसे करायचे?

पानोपानी

पाठ करू नका. कोण रन करतंय किंवा काय रन होतंय ते आधी बघा, अर्थ तिथूनच कळतो. 'रन अप'समोर बिल असेल तर उधारी वाढवणे, झेंडा असेल तर चढवणे, कापड असेल तर घाईघाईत शिवून काढणे, गोलंदाज असेल तर त्याची धाव. 'रन डाउन'चं तसंच. बॅटरी उतरते, माणूस थकतो, इमारतीला अवकळा येते, आणि कर्म म्हणून एखाद्याचं नाव आलं की त्याची निंदा. ही सगळी एका शब्दाच्या नावाखाली न लिहिता बॅटरी, इमारत, बिल अशी वस्तूंच्या नावाखाली वहीत लिहा. कोश उलटा करायचा, बस.

परीक्षार्थी

हे जमेल. ताई, एकच शेवटचं. वर शेजारीकाकांनी लिहिलेलं टबातलं पाणी: 'रन अ बाथ'. वस्तू कळली, पण मराठी क्रियापद कुठलं? चालवणे तर नाहीच.

पानोपानी

सोडणे. टबात पाणी सोड.

एकपाठी

अरे हो! आणि सणासुदीला जादा गाड्याही 'सोडतात', तिथेही इंग्रजीत 'रन'च. कानामात्रा, पाचवं घर बांधायला घ्या.

कानामात्रा

घेतो. त्यात आणखी कोण राहायला येतंय ते कळवा. नळ, गाडी झाले. कारंजं येईल का?

जुळारी

कारंजं उडवतात. नको.